मुंबईत असताना वडिलांचे ग्रीन कार्ड गेले. परतीच्या प्रवासासाठी काय करावे?

मुलुंडकर यांचा प्रश्न:

नमस्कार. माझे वडील चौऱ्याहत्तर वर्षांचे असून भारतीय नागरिक आहेत. थोरली बहीण अमेरिकेची नागरिक झाल्यावर तिच्या अर्जावरून आई-वडिलांना ग्रीन कार्ड मिळाले, आणि तेव्हापासून दोघे वर्षातला बराच काळ न्यू जर्सीत एडिसनला तिच्याकडे राहतात. गेल्या नोव्हेंबरात ते मुंबईला आले ते फेब्रुवारीत परतण्याच्या बेतानेच. पण वडिलांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया इथेच उरकून घ्यावी असे ठरले, त्यानंतर फिजिओथेरपी लांबत गेली आणि पाहता पाहता सप्टेंबर उजाडला. आता ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्याची तिकिटे काढलेली आहेत.

गेल्या शनिवारी वडील माझ्याबरोबर लोकलने दादरला आले होते. पुलावर नेहमीचीच गर्दी होती. दुकानात पैसे देण्यासाठी त्यांनी खांद्यावरची पिशवी पुढे घेतली तेव्हा तिच्या तळाशी ब्लेडने मारलेली सरळ चीर दिसली आणि आतले पाकीट नव्हते. पाकिटात ग्रीन कार्ड, एटीएम कार्ड, ज्येष्ठ नागरिकाचे ओळखपत्र आणि थोडी रोकड होती. पासपोर्ट सुदैवाने घरी कपाटात आहे, आणि कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो बहिणीच्या फोनमध्ये आहेत. आईचे कार्ड तिच्याजवळ सुरक्षित आहे.

आता जो भेटतो तो वेगळा सल्ला देतो. बहीण म्हणते की ती तिकडून वडिलांच्या नावाने नव्या कार्डाचा अर्ज ऑनलाइन भरेल आणि कार्ड आले की कुरियरने पाठवेल. आमचे प्रवासाचे एजंट म्हणतात की पर्यटक व्हिसा काढून जावे, हे सर्वांत सोपे. शेजारचे एक गृहस्थ छातीठोकपणे सांगतात की विमानतळावर कार्डाची रंगीत छायाप्रत दाखवली तरी चालते. पोलीस ठाण्यात गेलो तर तिथे ‘पाकीट गहाळ झाले’ अशी नोंद करून घ्या, असे सुचवण्यात आले. ती मी अद्याप केलेली नाही. या सगळ्यात नेमके खरे काय आणि सुरुवात कुठून करावी, हे ज्यांनी ही प्रक्रिया जवळून पाहिली आहे त्यांनी कृपया सांगावे.

साष्टीकर यांचे उत्तर:

माझ्या सासूबाईंचे कार्ड असेच इथे असताना गेले होते आणि त्या वेळची सगळी कागदपत्रे मी जमवली होती, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

पहिली गोष्ट वडिलांना शांतपणे सांगा: कार्ड गेले म्हणजे कायम वास्तव्याचा दर्जा गेला असे होत नाही. कार्ड हा त्या दर्जाचा पुरावा आहे. दर्जा अमेरिकी सरकारच्या नोंदीत आहे आणि तो तिथेच राहतो. आज तुमची अडचण एवढीच आहे की विमान कंपनी त्यांना मुंबईत विमानात बसू देणार नाही. अमेरिकेत प्रवेश करण्याजोगी कागदपत्रे नसलेला प्रवासी एखाद्या विमान कंपनीने नेला तर तिला तिथल्या कायद्याप्रमाणे दंड होतो, त्यामुळे चेक-इन काउंटरवरचा कर्मचारी छायाप्रत कितीही स्वच्छ असली तरी ती मान्य करत नाही. क्वचित एखादी कंपनी अमेरिकी सीमाशुल्क विभागाच्या संपर्क अधिकाऱ्यांना फोन करून विचारते, पण त्या भरवशावर गुडघ्याच्या रुग्णाला मध्यरात्री सहार विमानतळावर नेऊन उभे करू नये.

यासाठी जो अर्ज आहे त्याचे नाव आय-१३१ए. विमान कंपनीला दाखवता येईल असे कागदपत्र मिळवण्यासाठीच तो आहे. तो मंजूर झाला की कॉन्सुलेट पासपोर्टात एक चिकटपट्टीवजा छापील पान लावते, त्याला बोर्डिंग फॉइल म्हणतात. ते दिसायला व्हिसासारखे असते, पण व्हिसा नसते. ‘या व्यक्तीला विमानात बसू द्यावे’ एवढेच ते विमान कंपनीला सांगते. ते एका प्रवासापुरते आणि साधारणतः ३० दिवसांच्या मुदतीचे असते, त्यामुळे फार आधीही घेऊन ठेवण्यात अर्थ नाही.

या अर्जाचे शुल्क ५७५ डॉलर आहे, आणि अर्ज नाकारला गेला तरी ते परत मिळत नाही. ते अमेरिकेच्या नागरिकत्व व स्थलांतर सेवा विभागाच्या, म्हणजे यूएससीआयएसच्या, संकेतस्थळावर आधी ऑनलाइन भरायचे असते. कॉन्सुलेटच्या खिडकीवर ते घेत नाहीत. अर्जदाराच्या वतीने दुसऱ्याने भरले तरी चालते, तेव्हा बहिणीला मदतच करायची असेल तर तिने आपल्या कार्डाने हे शुल्क भरावे आणि पावती तुम्हाला पाठवावी. भरताना वडिलांचे नाव, जन्मतारीख आणि ‘ए’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक अचूक टाकावा. मात्र अर्ज वडिलांनी स्वतः हजर राहूनच द्यावा लागतो. मुलगा, एजंट, वकील यांपैकी कोणीही त्यांच्याऐवजी जाऊन चालत नाही.

या अर्जाची एक अट तुमच्या बाबतीत विशेष महत्त्वाची आहे. अमेरिकेबाहेर पडून एक वर्ष व्हायच्या आत अर्ज करावा लागतो. आधीच पुनर्प्रवेश परवाना (लांब मुक्कामासाठी अमेरिकेतून निघण्यापूर्वी मागायचा परवाना) घेतलेला असेल तर ही मर्यादा दोन वर्षांची असते. वडील नोव्हेंबरात निघाले असतील तर ऑक्टोबरमधली तिकिटे मुदतीत बसतात, पण फार ऐसपैस वेळ उरलेला नाही. म्हणून त्यांच्या निघण्याची नेमकी तारीख विमानाच्या तिकिटावरून किंवा पासपोर्टातल्या मुंबईच्या आगमन शिक्क्यावरून आजच पक्की करा. अर्जासोबत त्या तारखेचा पुरावा द्यावाच लागतो.

बाकी कागदपत्रे अशी: वैध पासपोर्ट, हरवलेल्या कार्डाच्या दोन्ही बाजूंची प्रत, पोलिसांकडील नोंद, २ इंच बाय २ इंच आकाराचा ताजा रंगीत फोटो, शुल्काची पावती, परतीचे तिकीट आणि अमेरिकेत घर असल्याचे दाखवणारे काही, उदाहरणार्थ तिथले प्राप्तिकर विवरणपत्र, बँकेचा खातेउतारा, राज्याचे ओळखपत्र, आरोग्यविम्याचे पत्र. मुक्काम का लांबला हे सांगणारी रुग्णालयाची कागदपत्रे तुमच्याकडे आहेत, तीही घेऊन जा. सगळ्याच्या मूळ प्रती आणि छायाप्रतींचा एक संच वेगवेगळ्या पाकिटांत ठेवावा.

मुंबईचे अमेरिकी कॉन्सुलेट २०११ पासून वांद्रे-कुर्ला संकुलात आहे; जुन्या पिढीच्या डोक्यात अजून भुलाभाई देसाई मार्ग बसलेला असतो, तेव्हा टॅक्सीवाल्याला नीट सांगा. आत मोबाइल नेता येत नाही आणि पिशव्याही नकोत, म्हणून बरोबर येणाऱ्याने बाहेर फोन सांभाळत थांबावे आणि वडिलांच्या हाती पारदर्शक फोल्डर द्यावा. या अर्जाची भेट नेहमीच्या व्हिसाच्या भेटीसारखी मिळत नाही. ती कशी घ्यायची ते भारतातील अमेरिकी दूतावासाच्या संकेतस्थळावर पाहून त्याप्रमाणेच करा. फॉइल हाती येईपर्यंत तिकिटाची तारीख बदलण्याची घाई करू नका, पण ते बदलता येणारे आहे की नाही एवढे विचारून ठेवा.

एजंटांच्या पर्यटक व्हिसाच्या सल्ल्याबद्दल एवढेच लिहितो की असा एजंट बदलावा. ज्याला तिथे कायम राहण्याचा हक्क आहे त्याने ‘मी थोडे दिवस पाहुणा म्हणून येतो’ असे लिहून देणे म्हणजे आपणहून आपला हक्क नाकारण्यासारखे आहे.

रुळालगत यांचे उत्तर:

पोलीस नोंदीच्या मुद्द्यावर थोडी भर घालतो, कारण तिथेच लोक सर्वांत जास्त घोटाळा करतात.

‘गहाळ’ आणि ‘चोरी’ या दोन वेगळ्या नोंदी आहेत. वस्तू कुठे पडली हे ठाऊक नसेल तर मुंबई पोलिसांच्या संकेतस्थळावर हरवलेल्या वस्तूंची ऑनलाइन नोंद करता येते आणि तिची प्रत लगेच मिळते. त्या नोंदीचा तपास होत नाही. ती केवळ दाखला म्हणून असते. तुमच्या पिशवीला ब्लेडची चीर आहे, म्हणजे ही उघड चोरी आहे, आणि तिचा गुन्हा नोंदवून घेणे हे पोलिसांचे काम आहे. रेल्वेच्या हद्दीत, म्हणजे गाडीत, फलाटावर किंवा स्थानकाच्या पुलावर घडलेला प्रकार लोहमार्ग पोलिसांकडे जातो, शहर पोलिसांकडे नाही. कदाचित यामुळेच तुम्हाला ‘गहाळ’चा सोपा मार्ग सुचवला गेला असेल. चोरी नेमकी गाडीत झाली की पुलावर की रस्त्यावर, हे सांगता येत नसले तरी अडून बसू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कोणाचीही असली तरी कोणत्याही पोलीस ठाण्यात गुन्ह्याची खबर देता येते आणि पुढे ती योग्य ठाण्याकडे वर्ग होते. यालाच शून्य क्रमांकाचा एफआयआर म्हणतात. खबर देणाऱ्याला त्याची प्रत विनामूल्य मिळते. पिशवी मात्र शिवून घेऊ नका, ती पंचनाम्यात लागू शकते.

खबर लिहून देताना मोघम ‘अमेरिकेचे कार्ड’ असे लिहू नये. ‘अमेरिका सरकारने दिलेले कायम वास्तव्याचे कार्ड’ असे पूर्ण नाव लिहून त्यावरचा क्रमांक टाकावा. कार्डावर दोन क्रमांक असतात: समोरच्या बाजूला नऊ अंकी यूएससीआयएस क्रमांक असतो, तोच नोंदणी क्रमांक, आणि मागच्या बाजूच्या यंत्रवाचनीय ओळींत कार्डाचा स्वतःचा क्रमांक असतो, त्यात आधी तीन अक्षरे आणि मग दहा अंक येतात. तुमच्याकडे फोटो असल्यामुळे दोन्ही लिहिता येतील. पासपोर्ट सुरक्षित आहे हेही त्याच खबरीत नमूद करावे, म्हणजे पुढे कोणी संशय घेणार नाही.

इथला एफआयआर मराठीत असतो. कॉन्सुलेटसाठी त्याचे इंग्रजी भाषांतर सोबत जोडा. ते करणाऱ्याने ‘मला दोन्ही भाषा येतात आणि हे भाषांतर अचूक आहे’ असे लिहून खाली सही, नाव व तारीख टाकावी. एटीएम कार्ड बंद केले असेलच, नसेल तर हे वाचणे थांबवून आधी ते करा.

हडसनकाठ यांचे उत्तर:

मी न्यू जर्सीतच राहतो आणि इथल्या मराठी मंडळींच्या आई-वडिलांच्या अशा प्रकरणांत अनेकदा कागद भरायला बसतो. साष्टीकरांनी प्रक्रिया नेमकी सांगितली आहे. फक्त माझ्या मते इथे कार्डापेक्षा दहा महिन्यांची अनुपस्थिती अधिक नाजूक आहे, आणि त्याबद्दल घरात कोणी बोलत नाही.

अमेरिकी कायद्यानुसार ग्रीन कार्डधारक सलग १८० दिवसांहून अधिक काळ बाहेर राहिला तर परत येताना तो नव्याने प्रवेश मागतो आहे असे धरले जाऊ शकते, म्हणजे विमानतळावरचा अधिकारी त्याला सविस्तर प्रश्न विचारू शकतो. एक वर्ष उलटले तर मग खुद्द कार्डही प्रवेशाचे कागदपत्र म्हणून चालत नाही. तुमचे वडील या दोन टप्प्यांच्या मध्ये आहेत. त्यामुळे कॉन्सुलेटमध्ये आणि नंतर नेवार्क किंवा केनेडी विमानतळावर त्यांना ‘इतके दिवस का राहिलात’ हा प्रश्न येणार असे धरून चाला. त्याचे उत्तर त्यांच्याजवळ चांगले आहे: शस्त्रक्रियेची तारीख, डॉक्टरांचे पत्र, फिजिओथेरपीच्या नोंदी, आणि मुळात फेब्रुवारीच्या प्रवासासाठी काढलेले पण बदलावे लागलेले तिकीट. हे मूळ तिकीट शोधून काढाच, कारण परतण्याचा इरादा आधीपासून होता हे तेवढे दुसरा कोणताही कागद दाखवत नाही.

वडिलांना एक गोष्ट आधीच समजावून ठेवा. विमानतळावर कोणी आय-४०७ नावाचा अर्ज पुढे केला तर त्यावर सही करू नये. तो ग्रीन कार्ड स्वेच्छेने सोडत असल्याचा अर्ज आहे, आणि ती सही स्वेच्छेचीच असते. सही न करणाऱ्याला इमिग्रेशन न्यायाधीशापुढे आपली बाजू मांडण्याचा हक्क आहे. आपल्याकडचे वयस्कर लोक खाकी किंवा निळा गणवेश दिसला की नम्रपणे दाखवतील तिथे सही करतात. तेव्हा हे त्यांना मराठीत, सावकाश, दोनदा सांगा. दुभाषा मागण्यातही संकोच वाटू देऊ नये.

बहिणीच्या बेताविषयी: नवे कार्ड मागण्याचा अर्ज आय-९० आहे, आणि तो अमेरिकेत परतल्यावर करायचा असतो. अर्जदार देशाबाहेर असताना कार्ड गेले तर आधी कॉन्सुलेटकडे जावे असेच यूएससीआयएसच्या सूचनांत आहे. त्या अर्जानंतर बोटांचे ठसे द्यायला अर्जदाराला अमेरिकेतल्या केंद्रावर बोलावले जाऊ शकते. वडील मुलुंडला आणि भेटीचे पत्र एडिसनला अशी परिस्थिती झाली की अर्ज लटकतो. शिवाय नवे कार्ड महिनोन्‌महिने येत नाही, आणि तुमच्याजवळ तेवढे महिने नाहीत.

काही कारणाने वर्ष उलटलेच तर मार्ग अगदी बंद होतो असे नाही. परतणाऱ्या रहिवाशाचा एसबी-१ व्हिसा असतो, त्यासाठी डीएस-११७ हा अर्ज आणि १८० डॉलर शुल्क आहे. मात्र मुक्काम आपल्या हाताबाहेरच्या कारणाने लांबला आणि परतण्याचा इरादा कायम होता हे दोन्ही सिद्ध करावे लागते, आणि ते मान्य झाल्यावर वैद्यकीय तपासणीपासून सगळे पुन्हा करावे लागते. त्या वाटेला जाण्याची वेळ येऊ नये म्हणून ऑक्टोबरची तिकिटे पुढे ढकलू नका, एवढेच माझे म्हणणे आहे. दरवर्षी सहा-आठ महिने इकडे आणि उरलेले तिकडे अशी विभागणी करणारी अनेक जोडपी ग्रीन कार्डाला लांब मुदतीच्या व्हिसासारखे वापरतात. मुलांच्या प्रेमापोटी हे होते हे समजते, पण कायद्याच्या नजरेत घर एकच असावे लागते. पुढच्या वेळी दीर्घ मुक्काम ठरलेला असेल तर अमेरिकेत असतानाच, निघण्यापूर्वी, पुनर्प्रवेश परवान्याचा अर्ज करून ठेवावा. तो भारतात येऊन करता येत नाही.

मुलुंडकर यांचा पुढील प्रश्न:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. लोहमार्ग पोलिसांकडे चोरीचा गुन्हा नोंदवून घेतला गेला आणि प्रतही मिळाली. बहिणीचा अर्ज थांबवला आहे. ती आता शुल्क भरते आहे. निघण्याची तारीख नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातली निघाली.

कागद चाळताना वडिलांच्या जुन्या पासपोर्टात, ते प्रथम अमेरिकेत गेले तेव्हाचा, फोटो असलेला इमिग्रंट व्हिसा सापडला. त्यावर विमानतळाचा शिक्का आहे आणि खाली ‘हा कायम वास्तव्याचा पुरावा आहे’ अशा अर्थाचा मजकूर छापलेला आहे. मग हाच दाखवून प्रवास करता येणार नाही का? दुसरे असे की तिकिटे फ्रँकफर्टमार्गे आहेत. त्यात काही अडचण येईल का? आणि तिसरी शंका नावाची. कार्डावर वडिलांचे स्वतःचे नाव आणि आजोबांचे नाव एकत्र आले आहे, तर नव्याने काढलेल्या पासपोर्टात ते तसे नाही.

साष्टीकर यांचे उत्तर:

तो व्हिसा शिक्का पडल्यापासून एक वर्षापर्यंतच कार्डाच्या ऐवजी चालतो. टपालाने कार्ड येईपर्यंतची ती तात्पुरती सोय असते. इतक्या वर्षांनी विमान कंपनी तो मान्य करणार नाही. तरीही तो पासपोर्ट घेऊन जा, कारण त्यावर नोंदणी क्रमांक आणि पहिल्या प्रवेशाची तारीख दोन्ही आहेत, आणि कॉन्सुलेटला नोंदी जुळवताना त्याचा उपयोग होतो.

कार्डाची मुदत संपणे आणि कार्ड हरवणे यांत लोक गल्लत करतात, म्हणून हेही सांगतो की दहा वर्षांच्या मुदतीचे कार्ड मुदत संपलेले असले तरी हातात असल्यास विमान कंपनी बसू देऊ शकते आणि आय-१३१ए ची गरज पडत नाही. आईच्या कार्डाची तारीख एकदा पाहून घ्या. ते जवळ असल्यामुळे त्यांची काळजी नसावी. पण त्यांचाही मुक्काम तेवढाच लांबला आहे, तेव्हा डॉक्टरांच्या पत्राची एक प्रत त्यांच्या पर्समध्येही असू द्या.

नावाबद्दल: मधले नाव वडिलांचे आणि शेवटी आडनाव ही आपली पद्धत तिकडच्या अर्जांतल्या रकान्यांत नीट बसत नाही, त्यामुळे ‘दिलेले नाव’ या रकान्यात दोन नावे एकत्र जाणे फार सर्रास होते. अर्जात नाव कार्डावर होते तसेच लिहा, पासपोर्टावरचे वेगळे रूप ‘इतर नावे’ या रकान्यात द्या, आणि जुना व नवा असे दोन्ही पासपोर्ट सोबत ठेवा. जन्मतारीख आणि नोंदणी क्रमांक जुळत असतील तर एवढ्यावरून अर्ज फेटाळला जाईल असे मला वाटत नाही.

पार्लेकर यांचे उत्तर:

प्रवासाच्या मार्गाबद्दल मी लिहितो, कारण विमानाच्या तिकिटांचे काम मी बरीच वर्षे करतो.

फ्रँकफर्टचे तिकीट बदलता आले तर बदलावे. भारतीय पासपोर्टधारकाला जर्मनीत नुसते विमान बदलण्यासाठीही विमानतळ संक्रमण व्हिसा लागू शकतो. ग्रीन कार्ड जवळ असेल तर त्यातून सूट मिळते, आणि वडिलांकडे आता नेमके तेच नाही. बोर्डिंग फॉइल दाखवून ती सूट मिळेल की नाही हे काउंटरवर वाद घालून ठरवायची वेळ आणू नये. मुंबईहून न्यूयॉर्क भागात जाणारे थेट विमान मिळाले तर उत्तम, नाहीतर आखाती देशांतून जावे. त्यातही अबुधाबीचा वेगळा विचार करा. तिथे २०१४ पासून अमेरिकेची पूर्वतपासणी व्यवस्था आहे, म्हणजे अमेरिकेचे इमिग्रेशन तिथेच उरकते. वडिलांना पुढच्या चौकशीसाठी बाजूला बसवले आणि वेळ लागला तर पुढचे विमान चुकेल, आणि ते मुलीच्या गावी नाही तर वाळवंटात अडकतील. न्यू जर्सीत किंवा न्यूयॉर्कमध्ये उशीर झाला तर निदान बहीण बाहेर उभी असेल.

कॅनडातून जमिनीच्या मार्गाने शिरण्याची युक्तीही काही जण सुचवतात, म्हणून आधीच सांगतो. अमेरिकी ग्रीन कार्डधारकाला कॅनडात व्हिसाशिवाय प्रवेश मिळतो तो कार्ड आणि पासपोर्ट दोन्ही दाखवल्यावरच. कार्डच नसेल तर टोरंटोच्या विमानातही बसता येत नाही.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. दोघांचे तिकीट एकाच नोंदणीत ठेवा, चाकाची खुर्ची दोघांसाठी मागा, आणि विमानतळावर नेहमीपेक्षा तासभर आधी पोहोचा. फॉइल पाहण्याची सवय प्रत्येक काउंटरवरच्या कर्मचाऱ्याला नसते. तो वरिष्ठांना बोलावतो, वरिष्ठ कुठेतरी फोन करतात, आणि यात वेळ जातो. पासपोर्ट त्यांच्या हाती देताना फॉइलचे पान उघडून द्यावे.

खारघरवासी यांचे उत्तर:

विषय अमेरिकेचा आहे, पण हा धागा शोधत इतर देशांचे रहिवासीही येतील म्हणून थोडक्यात. कॅनडाचे पीआर, म्हणजे कायम वास्तव्याचे, कार्ड देशाबाहेर हरवले तर तिथेही परदेशातून कार्ड मिळत नाही. एका प्रवासापुरते कायम रहिवाशाचे प्रवासपत्र मिळते, त्याचे शुल्क ५० कॅनडियन डॉलर आहे, आणि तो अर्ज तपासताना मागच्या ५ वर्षांत ७३० दिवस कॅनडात राहिला होतात का हे पाहिले जाते. ब्रिटनने बायोमेट्रिक कार्डांऐवजी ई-व्हिसा आणला असून बहुतेक जुन्या कार्डांवर ३१ डिसेंबर २०२४ हीच अखेरची तारीख होती, तेव्हा तिकडच्यांनी कार्ड शोधत बसण्यापेक्षा आपले ऑनलाइन खाते चालू पासपोर्टाशी जोडलेले आहे का ते पाहावे.

हडसनकाठ यांचे उत्तर:

वडील इथे पोहोचल्यानंतरचे काम राहिले होते, ते लिहितो.

फॉइल विमानात बसण्यापुरते असते. उतरल्यावर ते कार्डाची जागा घेत नाही. घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात आय-९० भरावा. ‘कार्ड हरवले, चोरीला गेले किंवा नष्ट झाले’ हे कारण निवडावे आणि पोलिसांच्या एफआयआरची भाषांतरासह प्रत जोडावी. १ एप्रिल २०२४ पासून हा अर्ज ऑनलाइन भरल्यास ४१५ डॉलर आणि कागदावर भरल्यास ४६५ डॉलर शुल्क आहे, ठशांचे वेगळे पैसे नाहीत. बहिणीने यूएससीआयएसच्या संकेतस्थळावर वडिलांच्या नावाने स्वतंत्र खाते उघडावे, आपल्या खात्यातून भरू नये.

मुदत संपत आलेले कार्ड बदलून घेणाऱ्यांना अर्जाच्या पावतीवर जुन्या कार्डाची मुदत वाढवून मिळते. सप्टेंबर २०२४ पासून ती वाढ ३६ महिन्यांची आहे. पण ती पावती जुन्या कार्डासोबतच दाखवायची असते, आणि तुमच्याकडे कार्डच नसल्यामुळे तिचा तुम्हाला उपयोग नाही. त्याऐवजी यूएससीआयएसच्या संपर्क केंद्राला फोन करून तात्पुरत्या पुराव्याचा, म्हणजे आय-५५१ चा, शिक्का मागावा. तो सहसा वर्षभरासाठी देतात. कधी कार्यालयात बोलावून पासपोर्टावर मारतात, तर कधी फोटोसह आय-९४ या प्रवेशनोंदीच्या कागदावर मारून घरपोच टपालाने पाठवतात. वडिलांना पुन्हा मुंबईला यायचे असले तर एक तर नवे कार्ड हाती आल्यावर यावे, नाहीतर हा शिक्का घेऊन यावे. तेव्हा मात्र कार्ड पाकिटात घालून लोकलमध्ये चढू नये. मुंबईत त्याचा काहीच उपयोग नसतो, ते पासपोर्टासोबत कपाटातच ठेवावे.